बोलू नये असं लिहिलेलं गाऱ्हाणं

आधीच सांगतो, ही घटना रात्रीची नाही.

मलाही वाईट वाटलं. भुतानं रात्री यावं, अमावस्या बघून यावं, निदान लाईट तरी घालवावी. आमच्याकडे जे आलं ते मे महिन्यातल्या रविवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी आलं. पंखे चालू होते. लिंबू सरबत वाटून झालं होतं. साठ माणसं बसली होती, त्यामुळे 'तुला भास झाला असेल' म्हणायची सोय कोणालाच राहिली नाही.

यातलं एक अक्षर मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर यात माझी चूक कमी ठेवली असती.

माझं नाव रविराज. आचऱ्याहून मालवणकडे येताना किनाऱ्याला लागून आमची वाडी आहे. वाडीत एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. तिथे सहा वर्षांपूर्वी वारसा संग्रहालय आणि वाचनालय सुरू झालं. खाली वस्तू, वर पुस्तकं. मी तिथे नोकरीला आहे. वस्तूंवरची धूळ पुसणं, शाळेच्या सहलींना माहिती सांगणं आणि 'हात लावू नका' असं ओरडणं ही माझी कामं.

हॉलच्या मधोमध छताला टांगलेली रापण आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणतात आणि माणसं रांगेत उभी राहून ओढतात. आमची रापण पन्नास-साठ वर्षं जुनी. माझ्याच आजोबांच्या संघाची. खाली पाटी आहे: 'या जाळ्यात एका खेपेला दोन हजार बांगडे मिळाल्याची आठवण सांगतात.'

दुसरी कसली आठवण सांगतात, ते पाटीवर नाही.

त्या रविवारी गाऱ्हाण्यांची स्पर्धा होती. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस, त्याला गावकर म्हणतात, गावाच्या वतीनं देवाला सगळं सांगतो आणि प्रत्येक वाक्याला लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. स्पर्धेत मात्र विनोदी गाऱ्हाणी असतात. रस्त्यातले खड्डे, मोबाईलचं नेटवर्क, सून, जावई. पहिलं बक्षीस पाच लिटरचा कुकर.

स्पर्धेचा एकच नियम, आणि तो छापावा लागत नाही. खरं गाऱ्हाणं घालायचं नाही. खऱ्या माणसांची नावं घेऊन तर नाहीच.

बाराला दोन स्पर्धक आलेच नाहीत. सूत्रसंचालक मी. आमच्या ग्रंथपाल किशोरी मॅडम फोंडाघाटच्या, वेळेच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "रविराज, पंधरा मिनिटं काहीतरी करा. जेवण यायचंय."

माझ्या हातात एक वही होती. जुन्या गावकरांच्या घरून आलेली. ज्यांना देवासमोर नीट बोलता यायचं नाही ते लोक गावकरांकडून आपलं गाऱ्हाणं लिहून घ्यायचे आणि मग गावकर ते घालायचे. घालून झालं की खाली लिहायचे, 'घातले'.

पानापानावर 'घातले'. एका पानावर मात्र लिहिलं होतं, 'हे बोलू नये. आठ घरे आहेत.'

आता मला सांगा, चोवीस वर्षांच्या माणसानं असं वाचल्यावर काय करावं?

मी माईक धरला. आवाज खर्जात नेला. एक हात कमरेवर.

"बा देवा म्हाराजाss..."

"व्हय म्हाराजा!" लोक हसतच होते.

"आज जी काय ही आनंदी, सहदेवाची बायल, तुझ्या पायाकडे उभी रवली आसाss..."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या घोवाच्या पायात रापणीची दोरी अडाकली. सुरी होती. कोणाकडे होती ता माका ठाऊक नाय, पण होती. कापला तर बांगडो जायत, म्हणान कोणी कापूक नाय. आठ जण दोरी धरून रवले..."

हसू कमी झालं. पण 'व्हय म्हाराजा' आलंच. आमच्या माणसाला ते थांबवता येत नाही. जांभई आली की चुटकी वाजते, तसं ते आपोआप येतं.

मी थांबायला हवं होतं. पण समोर साठ माणसं आणि हातात माईक असला की मला काही थांबवत नाही, हे माझ्या शाळेच्या दाखल्यावरही लिहिलेलं आहे.

"ज्या हातांनी दोरी सोडूक नाय, ते हात सुटाचे नाय असा कर म्हाराजा. तेंचे, तेंच्या पोरांचे, तेंच्या नातवंडांचे. सुरीवालो ह्या जाळ्यासमोर येऊन आपल्या तोंडान सांगीपर्यंत!"

"व्हय म्हाराजा!"

साठ माणसांचा आवाज छताला लागून परत आला.

आणि मग...

...एक आवाज उशिरा आला.

एकटा. बाईचा. रापणीच्या मागून.

"व्हय... म्हाराजा."

मागे भिंत आहे. भिंतीला टेकून फक्त अग्निशामक सिलिंडर आहे.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी 'जेवणाची व्यवस्था मागच्या अंगणात आहे' असं सांगितलं आणि माईक स्टँडला लावायला गेलो.

हात उघडेना.

मुठीत माईक. बोटं माझीच, दिसत होती, दुखत नव्हती. फक्त माझं ऐकत नव्हती. लोक हसले. त्यांना वाटलं, नक्कल चाललीय. मीही हसलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या पावलावर काहीतरी पडलं.

थेंब.

मी वर बघितलं. इतकी वर्षं वाळलेली रापण... ठिबकत होती.

बोट लावून चाखलं. खारट.

साऊंडवाला निलेश आला. त्याचं या जगात फक्त साऊंडवर प्रेम आहे.

"सोड रे माईक."

"सुटत नाय."

"मस्करी करू नको. तीन वाजता माका बारशाक जावचा आसा."

त्यानं ओढून बघितलं. साबण लावला. खोबरेल लावलं. शेवटी घाम पुसत म्हणाला, "हात तुझो, पण माईक माझो. माईक खंय जायत थंय मी येतलंय." आणि स्कूटरवर मला मागे बसवून घरी निघाला. मी मागे, हातात माईक, वायर गळ्यात. वाटेत दोघांनी विचारलं, "कसलो प्रचार?"

घरी शिरलो तर स्वयंपाकघरातून टूं टूं आवाज येत होता.

फ्रिज. दार उघडं राहिलं की वाजतो.

दाराच्या हँडलला धरून आमचा आजो उभा होता. बाबली आजो. वय पंचाहत्तर. सोलकढी काढायला गेला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. आई-बाबा शिरोड्याला लग्नाला गेलेले.

"कधीपासून उभो आसस?" मी विचारलं.

"पाऊण वाजल्यापासना."

"हाक नाय मारूक?"

"फ्रिजान धरल्यान म्हणान हाक मारू? लोक काय म्हणतले?"

मग त्याला माझ्या हातातला माईक दिसला. माझी मूठ दिसली. त्यानं आपल्या मुठीकडे बघितलं.

फ्रिज वाजत राहिला.

"रवी," आजो अगदी हळू म्हणाला, "तू काय बोललंस तेच्यात?"

मी सांगितलं. आनंदीचं नाव घेतलं तेव्हा त्यानं डोळे मिटले.

माझा फोन वाजला. मग निलेशचा. मग परत माझा. बाबांचा हात शिरोड्याच्या मांडवात जेवणाच्या ताटाला. सत्यवानकाकाचा स्कूटीच्या हँडलला. सुगंधामावशीचा पोळपाटावरच्या लाटण्याला. तिची मुलगी तन्वी पुण्यात हॉस्टेलवर, तिचा टूथब्रशला. (दुपारी पाऊण वाजता ती दात का घासत होती, हे तिच्या आईनं त्या गडबडीतही विचारून घेतलं.) सगळी रापणीची घरं. मी मोजली.

आठ.

त्या आठ दोरीवाल्यांपैकी सात कधीच गेले. जिवंत फक्त आजो. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. रांगेत सगळ्यात लहान.

"सहदेव पाण्यात होतो," आजो फ्रिजकडे बघत बोलायला लागला. "जाळा खडकार अडाकला, ता सोडवूक गेलो. दोरी पायात गेली. आम्ही ओढी होतो. तो हात वर करी. आमका दिसा होतो. नुसती दोरी सैल सोडली आसती तरी सुटलो आसतो. मुकादम म्हणालो, सोडशात तर बघा, दोन महिन्यांनी बांगडो लागलोहा. कोणी सोडूक नाय."

"आणि सुरी?"

आजोनं मोकळ्या हातानं सोलकढीचं भांडं आत सरकवलं.

"आजो, सुरी कोणाकडे होती?"

"आनंदी मगे रोज किनाऱ्यार येय," तो म्हणाला. "गावकरान तिका सांगितल्यान, तुझा गाऱ्हाणा घातलंय म्हणान. घालूक नव्हता. ती येय, आणि आमचे हात बघी. एकेकाचो हात धरून उघडून बघी. सुटता काय नाय ता. वर्षभर. मगे मेली."

आणि मग, मी परत न विचारता:

"माझ्या कमराक होती."

निलेश हा माणूस संकटात उपयोगी पडतो. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, फ्रिजचं हँडल दारापासून वेगळं केलं आणि म्हणाला, "चला. संग्रहालय पाचाक बंद जाता."

चार वाजता आम्ही हॉलमध्ये होतो. आजोच्या मुठीत फ्रिजचं हँडल, माझ्या मुठीत माईक. सुगंधामावशी लाटणं घेऊन आली होती, तिला बघून लोक वाट देत होते. सत्यवानकाका स्कूटीसकट हॉलमध्ये शिरला. मॅडमनी त्याला चपला बाहेर काढायला लावल्या आणि स्कूटी स्टँडवर लावायला सांगितली.

फरशीवर पाणी साचलं होतं. मॅडम दोनदा पुसून दमल्या होत्या. "गळती कुठून आहे तेच समजत नाहीये," त्या म्हणाल्या. "वर पाण्याची टाकी नाही, पाईप नाही."

आजो जाळ्यासमोर उभा राहिला. चप्पल नाही, टोपी काढलेली. मी माझी मूठ त्याच्या तोंडासमोर धरली. माईक बंद होता, पण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," आजोचा आवाज फाटला.

"व्हय म्हाराजा," आम्ही सात-आठ जण.

"सुरी माझ्याकडे होती म्हाराजा. सहदेव माका हाक मारी होतो. माझा नाव घेऊन. बाबली, काप, म्हणी होतो. मी ऐकलंय. मी कापूक नाय म्हाराजा."

"व्हय... म्हाराजा."

ठण्‌!

फ्रिजचं हँडल फरशीवर पडलं. लगेच लाटणं. माझी बोटं एकदम उघडली, आणि निलेशनं माईक जमिनीला लागायच्या आत झेलला. सत्यवानकाकानं दोन्ही हात वर केले आणि रडायलाच लागला. सुगंधामावशीच्या फोनवर तन्वी ओरडत होती, "आई, सुटला! सुटला!"

संपलं.

आम्हाला तसं वाटलं.

पण आजो तिथेच उभा. त्यानं हात जोडले.

"आनंदी, माका माफ कर गो."

याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी तोंड उघडलं. आवाज निघेना. बाजूला बघितलं, सगळ्यांचीच तोंडं उघडी. कोणाचाच आवाज नाही. पंखासुद्धा...

...थांबला होता.

आणि रापणीच्या मागून, अगदी शांतपणे:

"नाय."

मी जन्मात शेकडो गाऱ्हाणी ऐकलीत. 'नाय' हे उत्तर मी कधी ऐकलेलं नाही. ते असू शकतं, हेच मला माहीत नव्हतं.

आजोनं मान खाली घातली. जाळ्याच्या पाया पडावं म्हणून हात पुढे केला, बोटं जाळ्याला टेकवली.

बोटं मिटली.

"रवी," तो म्हणाला. "ओढतत."

छताला टांगलेलं जाळं ताणलं जायला लागलं. लोंबणारा भाग सरळ झाला. समुद्राच्या बाजूच्या भिंतीकडे. करकर आवाज... ओली दोरी ताणली की येतो तो. आजोचे अनवाणी पाय ओल्या फरशीवरून घसरायला लागले. आम्ही तिघांनी त्याला कमरेला धरलं. आम्ही तिघंही घसरायला लागलो.

मी मनात ती ओढ मोजत होतो. हैय्या... हैय्या... रांगेतली माणसं ओढतात तशी. लयीत. घाई नसलेली.

आजोचा हात कोपरापर्यंत जाळ्यात गेला. मग खांद्यापर्यंत. मग दोरीचा एक फेरा त्याच्या गळ्यावर आला.

निलेशनं वायर कापायचा कटर माझ्या हातात कोंबला. "काप!"

मी जाळं धरलं.

"कापू नका!" मॅडम ओरडल्या. "रविराज, नोंद झालेली वस्तू आहे ती! एकमेव आहे!"

त्या वाईट नाहीत. सहा वर्षं मीच रोज हे वाक्य लोकांना सांगत आलोय. हात लावू नका, एकमेव आहे. ते माझ्याही अंगात मुरलंय.

आणि मी थांबलो.

फार नाही. चार सेकंद. कटर जाळ्यावर, आजोचा चेहरा निळा पडत चाललेला, आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? नोंदवहीत काय लिहायचं, हे.

आजो माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्याला माझ्यात कोण दिसत होतं ते मला माहीत आहे.

मग मी कापलं. वेड्यासारखं. मॅडमही पुढे आल्या, हातांनी दोऱ्या फाडायला लागल्या, नखं तुटली त्यांची. आजो फरशीवर पडला. पंखा फिरायला लागला. जाळं सैल पडलं, कोरडं ठणठणीत.

आजो वाचला.

पण मूठ मिटलेलीच. आत जाळ्याचा वीतभर तुकडा.

मालवणच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बोटांचे फोटो काढले, हाडं चांगली आहेत म्हणाले. तुकडा मुठीबाहेर आला तेवढा कातरून टाकला आणि महिनाभरानं दाखवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोला भात भरवत होतो. मांडीवर काहीतरी ओलं लागलं.

मुठीतून जाळं बाहेर आलं होतं. हातभर.

मी वाकून बघितलं. आमच्या घरात जाळी विणणारा आता कोणी नाही, पण विणलेलं मला ओळखता येतं. गाठी नव्या होत्या. घट्ट. नुकत्याच घातलेल्या.

मी कापलं. चुलीत घातलं. ते जळताना बांगड्याचा वास आला.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. बाराच्या सुमारास सुरू होतं. कोणी विणताना दिसत नाही. तुम्ही बघत असलात तर होत नाही. ताटात मासे वाढायला वळलात, फोन बघितलात, डोळे चोळलेत, की दोन गाठी वाढलेल्या. आईनं देवळात विचारून घेतलं. आता तिथे जो गाऱ्हाणं घालतो तो म्हणाला, "एकदा नाय म्हटल्यान तर मी काय म्हणू?" आणि प्रसाद दिला.

गेल्या बुधवारी मी पगाराच्या सहीसाठी संग्रहालयात गेलो. तासभर उशीर झाला. आई मागच्या दारी कपडे वाळत घालत होती.

परत आलो तर जाळं आजोच्या खाटेवरून उतरलं होतं. खोली ओलांडून, ओटी ओलांडून, उंबऱ्यावरून पायरीवर गेलं होतं. ताणलेलं. आजो खाटेच्या कडेला आला होता, एक पाय जमिनीवर.

आमच्या पायरीपासून पाणी तीनशे पावलांवर आहे. भरतीला दोनशे.

मी नोकरी सोडली. मॅडमनी राजीनामा घेतला नाही, रजा लिहिली. त्या अधूनमधून फोन करतात आणि नुसत्या विचारतात, "कापलंत ना?" त्या हॉलमध्ये आता जात नाहीत. पुस्तकं वरच्या मजल्यावरूनच देतात.

आजो बोलतो फार कमी. काल मी कात्री घेऊन बसलो तेव्हा त्यानं दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

"रे, पुरे आता. कापू नको."

"गप रव, आजो."

"मी थंय गेलंय तर ती तुमका सोडीत. माका पटला तिचा. सोड माका."

मी कात्री चालवत राहिलो. त्याच्याकडे बघितलं नाही.

"सोड रे मेल्या," तो परत म्हणाला, अगदी मायेनं.

मी खरंच विचार केला, आज. सगळ्या बाजूंनी केला. तो म्हणतो ते बरोबर आहे. न्यायानं बघितलं तर बाईचंही बरोबर आहे. मी चोवीस वर्षांचा आहे, माझ्या सगळ्या दुपारी अशाच जाणार का? एक दिवस नुसतं उठायचं, मागच्या दारी जायचं आणि तासभरानं यायचं. बस. कात्री खाली ठेवली. आजोची मूठ माझ्या हातातून सोडून उठायला गेलो...

सोडता येईना.